वांग्यातलं नवं प्रथिन आणि अंगावरची गांधी

कोळंबी खाल्ली की काहींच्या अंगावर गांधी उठते, हे अर्नाळ्याची मासळी खाणाऱ्या विरारकरांना नवं नाही. दोष बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचा. ते शिजवूनही टिकतं. जनुक बदललेल्या अन्नाबाबत प्रश्न असाच नेमका हवा: त्यात नवं प्रथिन कोणतं आलं? ‘जीएम खाल्लं की ॲलर्जी होते का?’ याला सरसकट उत्तरच नाही.

जालन्याच्या महिको कंपनीचं बीटी वांगं घ्या. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलं आहे. त्यातून तयार होणारं क्राय१एसी प्रथिन शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मारतं. तपासणारे आधी पाहतात, जनुक ज्यातून घेतलं त्याचीच कुणाला ॲलर्जी आहे का. मग प्रथिनाची साखळी ओळखीच्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी ताडतात. 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात 35 टक्क्यांहून जास्त साम्य दिसलं, की संशय बळावतो. शेवटी पोटातल्यासारख्या आम्लात, पेप्सिन या विकराने, ते किती लवकर पचतं ते बघतात. या पचनचाचणीवर जरा जास्तच भिस्त ठेवली जाते, असं मला वाटतं; काही ॲलर्जीकारक प्रथिनंही झटकन पचतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचे 2003 चे निकषही एकट्या चाचणीवर निकाल देत नाहीत.

ही पद्धत नुसती कागदावरची नाही. गुरांच्या खाद्याचा कस वाढावा म्हणून अमेरिकेत सोयाबीनमध्ये ब्राझील नटचं जनुक घातलं होतं. 1996 मध्ये निष्कर्ष छापून आला: ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या नऊपैकी आठ जणांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी त्या जनुकातून बनलेलं प्रथिन ओळखलं. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. स्टारलिंक या जनुक बदललेल्या मक्याची गोष्ट उलटी. सहज न पचणाऱ्या क्राय९सी प्रथिनामुळे तो फक्त जनावरांसाठी मंजूर होता, तरी 2000 मध्ये माणसांच्या खाण्यात सापडला. तक्रारी आल्या, रक्त तपासलं, पण त्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही.

बीटी वांग्याला जीईएसी या केंद्र सरकारच्या समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला. नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र ते 2014 पासून पिकतं.

आपल्या ताटात बीटी येतं ते सरकीच्या तेलातून. बीटी कापूस 2002 पासून आहे. प्रथिनं पेंडीत राहतात, रिफाइंड तेलात जवळपास नसतातच. त्यामुळे फरसाण खाऊन गांधी उठली, तर तेलाआधी त्यातल्या शेंगदाण्यावर संशय घ्यावा.