मनगटाएवढं मूळ

"आधी वारा पाहा, जी. माचीस मंग."

काकांनी मूठभर माती उचलली आणि हळूहळू खाली सोडली. धूळ जराशी उत्तरेला सरकली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. नागपूरहून काटोल-कोंढाळीकडे जाताना लागणाऱ्या सागाच्या जंगलात जाळरेषा काढायचं काम चाललं होतं. आम्ही सहा जण होतो, त्यातले पाच कामाचे आणि सहावा मी. काका वनमजूर आहेत, आणि वणव्याबद्दल मी जे शिकलो त्यातलं बरंचसं त्यांच्या मागे चालून शिकलो.

वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा ठेवायचा पट्टा म्हणजे जाळरेषा. आमचा पट्टा बारा मीटर रुंदीचा होता. त्यातलं गवत आठवड्यापूर्वीच कापून वाळत घातलं होतं, आणि दोन्ही कडा फावड्यानं माती दिसेपर्यंत खरवडून ठेवल्या होत्या. आठ वाजेपर्यंत थांबायचं, असं काका म्हणाले. पट्ट्यावर ऊन पडून कापलेलं गवत वाळतं, पण कडेच्या सावलीतल्या उभ्या गवतावर दव तसंच राहतं. तेवढ्या तासा-दीड तासातच पेटवून घ्यायचं. आगही वाऱ्याच्या तोंडाकडून नाही, तर वारा जिकडे जातो त्या टोकाकडून लावायची, म्हणजे तिला वाऱ्याविरुद्ध मागे मागे सरकत यावं लागतं. ती बुटकी राहते आणि माणसाच्या चालीनं चालते.

माझ्या हातात लोखंडीच्या झुडपाची हिरवी फांदी होती. कडेचं गवत पेटलं तसा मी ती डोक्यावर उचलून हाणायला लागलो. काका धावत आले. "झोडपू नका, दाबा!" झोडपलं की ठिणग्या उडतात आणि चार हातांवर दुसरी आग सुरू होते. फांदी ज्वाळेवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढत न्यायची. दहा मिनिटांत माझ्या भुवया करपल्या आणि ओठ सुकले. काका मात्र एका हातानं दाबत, दुसऱ्या हातानं पोरांना खुणा करत पुढे चालले होते.

अशा झुडपी, कोरड्या रानांबद्दल वाचताना कॅलिफोर्नियातलं 'चापरॅल' हमखास समोर येतं. स्पॅनिश भाषेत ओकच्या खुज्या झुडपाला 'चापार्रो' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. तिथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. झुडपं पानं टाकत नाहीत. बारीक, चिवट, काही तेलकट पानं धरून ती उन्हाळा काढतात, म्हणून पेटलं की झुडूप शेंड्यापर्यंत जळतं. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. जून ते सप्टेंबरात हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, मग आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. साग, पळस, धावडा, सालई ही झाडं पाणी वाचवायला पानं गाळतात. त्यामुळे आपली आग जमिनीवरून, पाल्यातून धावते. मोठ्या झाडाची साल काळवंडते, झाड उभं राहतं. त्यामुळेच रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं नाही.

बिघडलेलं पाहायला खाली बसावं लागतं. काकांनी मला एका सागाच्या रोपापाशी बसवलं. ते माझ्या गुडघ्याएवढं होतं. बुडाशी जुन्या जळक्या काड्यांचे चार-पाच खुंट दिसत होते. काकांनी विळ्याच्या टोकानं माती थोडी बाजूला केली. खाली माझ्या मनगटाएवढं जाड मूळ होतं.

"याले रोपटं म्हणू नका. हे लय वर्षांचं हाये."

दर पावसाळ्यात ते फुटतं, दर उन्हाळ्यात जळतं, आणि जे कमावलं ते मुळात साठवून पुन्हा फुटतं. चापरॅलमधली कितीतरी झुडपंही बुडाशी लाकडाची गाठ बाळगतात आणि जळाल्यावर तिथूनच फुटतात. काहींच्या बिया तर धूर किंवा आच लागल्याशिवाय रुजतच नाहीत. पण तिथे दोन आगींमध्ये साधारण तीस ते शंभराहून जास्त वर्षं जायची, तो त्या रानाचा स्वभाव. हे अंतर घटलं, काही वर्षांतच पुन्हा आग आली, की बियांचा साठा भरायच्या आत संपतो आणि झुडपांच्या जागी परकं गवत पसरतं. आगीला सरावलेलं रानसुद्धा विसावा मागतं. आमच्या या सागाला तो मिळालेलाच नव्हता. आजूबाजूला पाहिलं तर म्हातारी झाडं होती आणि गुडघ्याएवढी रोपं होती. मधल्या उंचीचं काहीच नव्हतं.

दर वर्षीच्या जाळाचा फायदा कुसळी गवताला होतो. काकांनी त्याची एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब टाकला. पीळ पडलेला लांब केस हळूहळू उलगडत फिरू लागला आणि बियाचं टोक माझ्या कातडीत रुतलं. दवानं ओलं, उन्हानं कोरडं होत हे बी असंच स्वतःला जमिनीत पेरतं. वरून जाळ निघून जातो, ते खाली सुखरूप. रायमुनियाचंही (घाणेरीचं) तसंच. जळाली तरी बुडातून फुटते, आणि जमिनीवरच्या आगीला उंच चढायला शिडी देते.

मध्य प्रांतात आग अडवण्याची सुरुवात जुनी आहे. 1860 च्या दशकात वनाधिकारी पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात ती करून दाखवली. तेव्हा बंदोबस्ताचा भर रानातल्या माणसांना थांबवण्यावर होता. मला तो मार्ग अपुरा वाटतो. मार्चअखेर त्याच रस्त्यावर मोहफुलं वेचणारी एक मावशी भेटली. झाडाखालचा पाला का जाळता, विचारलं. "पाला राह्यला तं मोह दिसत नाही, भाऊ. पहाटच्या अंधारात काय वेचाव?" तिची चार-पाच हजारांची जी काही कमाई होते, ती याच दिवसांत. यंदा तिनं झाडाखाली जुनी जाळी अंथरली होती, फुलं वरच अडकत होती. कोवळ्या तेंदूपानांसाठीही असाच जाळ लावतात. झुडपं वेळेवर छाटली तरी तशीच कोवळी पानं येतात, पण ती छाटणी मजुरी देऊन करून घ्यावी लागते.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर सूचना पाठवतं. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन. त्या ठिपक्यापर्यंत माणूस पायीच जातो. कधी तिथे धुरा जाळणारा शेतकरी असतो, कधी पऱ्हाट्यांचा ढीग, कधी खरंच जंगल.

आणि जाळरेषा एकदा काढून भागत नाही. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा आमच्या काळ्या पट्ट्यावर सागाची सुपाएवढी पानं पसरली होती. त्यांवरून आग सहज पलीकडे गेली असती. एक पोरगा पाठीवर ब्लोअर घेऊन पानं उडवत होता. यंत्र तापलं म्हणून मध्येच बंद केलं, तेव्हा काकांनी झाडू घेतला.

नाल्यापलीकडचं रान आदल्या आठवड्यात जळून गेलं होतं, राख अजून उडत होती. या बाजूचं ते गुडघ्याएवढं रोप शाबूत होतं. पानं गळून नुसती काडी उरली होती, पण शेंड्याचा कोंब जिवंत होता. काकांनी नखानं साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग मला दाखवला.

"आणखी दोन उन्हाळे असेच निघाले पायजे," ते म्हणाले, आणि झाडू घेऊन पुढच्या वळणाकडे निघाले. अजून दीड किलोमीटर पट्टा झाडायचा होता.