काचेच्या छताला कापडाचं अस्तर

टेस्लाच्या ‘मॉडेल वाय’चं छत काचेचं असतं. ऑक्टोबर २०२५मध्ये कंपनीने अमेरिकेत याच गाडीची ‘स्टँडर्ड’ नावाची स्वस्त आवृत्ती आणली. तिच्यात बसून वर पाहिलं तर आकाश दिसत नाही, कापडी अस्तर दिसतं. मग काच गेली कुठे? कुठेही नाही. अस्तराच्या वर ती आहेच.

काच बसवायचीच होती तर झाकली कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. कारखान्याचा हिशेब मात्र वेगळा चालतो. पत्र्याचं छत करायचं तर नव्या डाय हव्यात, सांगाड्याची जुळणी बदलायला हवी, सुरक्षेच्या चाचण्या नव्याने करायला हव्यात. एकाच असेंब्ली लाइनवर दोन तऱ्हेची छतं आली की सुट्या भागांचा साठाही दुप्पट. त्यापेक्षा सगळ्यांना काच देणं परवडतं. आता काच दिलीच आहे तर दिसू का देऊ नये? मला दिसणारं उत्तर असं : काच दिसली असती, तर पाच हजार डॉलर जास्त मोजून वरची आवृत्ती घेण्याचं एक कारण कमी झालं असतं.

बाकीची काटछाट उघड आहे. आसनांना काही भागात कापड, मागच्या प्रवाशांचा स्क्रीन गायब, आरसे हाताने दुमडायचे, रस्त्याच्या पट्ट्यांमध्ये गाडी आपोआप ठेवणारी सोय काढलेली, आणि एएम-एफएम रेडिओही नाही. एवढं करून किंमत ३९,९९० डॉलर. ‘मॉडेल ३’ची याच धर्तीची आवृत्ती ३६,९९० डॉलरला. यात मेख अशी, की ३० सप्टेंबरला अमेरिकी सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली होती. सवलत पदरात पाडून घेणाऱ्याला आदल्या महिन्यात ४४,९९० डॉलरची काचेच्या छताची ‘मॉडेल वाय’ ३७,४९० डॉलरला मिळत होती. म्हणजे नवी ‘स्वस्त’ गाडी त्याला अडीच हजाराने महागच पडली.

टेस्लाची ही धडपड जुनी आहे. इलॉन मस्क यांनी २००६मध्येच कंपनीचा बेत जाहीर केला होता : आधी महागडी स्पोर्ट्‌स कार विकायची, त्या पैशातून जरा परवडणारी गाडी करायची आणि त्यातून आणखी परवडणारी. मार्च २०१६मध्ये ‘मॉडेल ३’ दाखवली, किंमत सांगितली ३५ हजार डॉलर. हजार डॉलर भरून आठवडाभरात सव्वातीन लाख लोकांनी नाव नोंदवलं. प्रत्यक्षात २०१७मध्ये पहिल्यांदा हाती आल्या त्या ४९ हजारांच्या गाड्या. ३५ हजारांची गाडी लगेच विकायला काढली तर कंपनी बुडेल, असं मस्क यांनीच २०१८मध्ये सांगून टाकलं.

अखेर २८ फेब्रुवारी २०१९ला ती गाडी आली. त्याआधी जूनमध्ये नऊ टक्के आणि जानेवारीत सात टक्के कर्मचारी घरी गेले होते. आता बहुतेक शोरूम बंद करून सगळी विक्री इंटरनेटवर नेण्याची घोषणा झाली. पण दुकान बंद केलं म्हणून मॉलशी केलेला लांब मुदतीचा भाडेकरार संपत नाही. दहा दिवसांत कंपनीने पाऊल मागे घेतलं : बरीच शोरूम राहतील आणि महागड्या गाड्यांच्या किमती सुमारे तीन टक्क्यांनी वाढतील. एप्रिलमध्ये तर ३५ हजारांची गाडी वेबसाइटवरून उतरवली गेली. हवी असेल त्याने फोन करावा किंवा शोरूममध्ये यावं!

ज्यांनी फोन केला त्यांना मिळाली वरच्या आवृत्तीचीच गाडी. बॅटरी तीच, पण सॉफ्टवेअरने पल्ला दहा टक्क्यांनी कमी केलेला. आसनं गरम करण्याची सोय गाडीत असून बंद. तीन खोल्यांचं घर भाड्याने घ्यावं आणि एका खोलीला घरमालकाचं कुलूप असावं, तसला प्रकार. छोटी बॅटरी वेगळी बनवत बसण्यापेक्षा मोठी देऊन तिला कुलूप लावणं सोपं होतं.

खरी बचत झाली ती गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी. ‘मॉडेल ३’च्या बॅटरीवर काचतंतूंच्या गाद्या चिकटवायचं काम यंत्रमानवाकडे होतं आणि त्याला त्या लिबलिबीत गाद्या धड उचलताच येत नव्हत्या. लाइन तुंबायची. मस्क यांनी विचारलं, या गाद्या आहेत कशासाठी? बॅटरीची सुरक्षा पाहणारे म्हणाले, आवाज कमी करायला. आवाजवाले म्हणाले, आगीपासून संरक्षण म्हणून. मग गाद्या असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांमध्ये मायक्रोफोन लावून तुलना केली; फरक कळेना. गाद्या गेल्या, त्यांच्यासोबत यंत्रमानवही गेला. कुठल्याही मोठ्या कचेरीत चार फॉर्म असेच सापडतील.

पुढे गाडीच्या मागच्या सांगाड्याचे सुमारे ७० तुकडे जोडण्याऐवजी ‘मॉडेल वाय’साठी अवाढव्य प्रेसमध्ये ॲल्युमिनियमचा एकच भाग ओतला जाऊ लागला. शांघायच्या कारखान्यात निकेल-कोबाल्ट नसलेली, स्वस्त लोह-फॉस्फेट बॅटरी आली. या बदलांनी खर्च कमी होतो आणि घेणाऱ्याचं फारसं काही जात नाही. अस्तराचं आणि सॉफ्टवेअरच्या कुलपाचं तसं नाही.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५मध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं, तेव्हा शांघायहून येणाऱ्या ‘मॉडेल वाय’ची किंमत ६० लाखांच्या घरात होती. आयात कराचा बोजाच एवढा, की कारखान्यात वाचवलेले हजार-दोन हजार डॉलर त्यात कुठल्या कुठे विरून जातात.

आणि त्याहून स्वस्त, २५ हजार डॉलरची गाडी? सप्टेंबर २०२०मध्ये मस्क यांनी तिच्यासाठी साधारण तीन वर्षांचा वायदा केला होता. ऑक्टोबर २०२४मध्ये तेच म्हणाले, माणसाने चालवायची तसली गाडी काढण्यात अर्थ नाही. त्याच महिन्यात त्यांनी ‘सायबरकॅब’ दाखवली होती : दोन आसनं, किंमत ३० हजार डॉलरच्या आत ठेवण्याचा इरादा. तिच्यातून ब्रेकचं पेडल आणि स्टिअरिंगच काढून टाकलं आहे.