स्मृति आणि लेखणी

निबंध लिहावयास सांगितला कीं, "आमच्या घरीं लिहिण्याजोगें कांहींच घडलें नाहीं," असें उत्तर विद्यार्थ्यांकडून पुष्कळदां मिळतें. लेखक म्हणजे मोठमोठे ग्रंथ वाचून मोठे विचार सांगणारा मनुष्य, ही समजूत त्याच्या मुळाशीं असते. ती किती अपुरी आहे हें लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथावरून उत्तम रीतीनें कळतें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखले घराण्यांत झाला. शाळा त्यांच्या वाट्यास आली नाहीं. लिहिणें-वाचणें त्या लग्नानंतर आपले पति, कवि नारायण वामन टिळक, यांच्यापाशीं शिकल्या. असें असतां १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें आत्मचरित्र मराठी गद्याचें भूषण ठरलें. हें सामर्थ्य आलें कोठून?

पहिला झरा घराण्याच्या इतिहासाचा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या प्रकरणांत फांशी झाली, आणि त्या आघातानंतर वडिलांच्या सोवळ्याओवळ्यानें सारें घर जखडून टाकलें. ज्या बंडाची सनावळी आपण पाठ करतों, तें या घरांत विटाळाच्या धाकाच्या रूपानें कित्येक वर्षें नांदत राहिलें. त्याच धाकांत वाढलेल्या लक्ष्मीबाई पुढें स्वतःच्या मनांतील जातिभेद हळूहळू कसा गळून पडला हें सांगतात, तेव्हां त्यांचा शब्दन् शब्द खरा वाटतो. कारण ज्या बेडीचें वर्णन त्या करतात, तिचें वजन त्यांनीं अंगावर वागविलेलें असतें.

दुसरा झरा स्वतःच्या दुःखाचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें तीं पुन्हा एकत्र आलीं व १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक १९१९ सालीं निवर्तले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांनीं. एवढ्या काळानें दुःखाचा दाह शमला होता, पण त्याची खूण पुसली नव्हती. म्हणूनच पतीचा तापटपणा व विसराळूपणा त्या लपवीत नाहींत, त्यांचें औदार्य झांकीत नाहींत, आणि सर्वांत अधिक हंसतात त्या स्वतःलाच.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. नुसती आठवण म्हणजे वाङ्मय नव्हे. आठवण केवळ माती पुरविते. तिला घडविण्यास निवड, सत्यनिष्ठा आणि क्षमाशील दृष्टि लागते. सत्य सोडलें तर स्तुतिपाठ उरतो. क्षमा सोडली तर फिर्याद उरते. पेत्रानें आपल्या प्रभूला नाकारल्याची गोष्ट शुभवर्तमानकारांनीं गाळली नाहीं, आणि त्यामुळें पेत्र आपणांस परका न वाटतां जवळचाच वाटतो.

पालकांनाही एक विनंति आहे. पूर्वजांनीं धर्म बदलला तेव्हां तुटलेलें नातें, दुष्काळांत सोडलेला गांव, उपासाचे दिवस, अशा गोष्टी पुष्कळ घरांत संकोचानें बोलल्या जात नाहींत. बोलणारा गेला म्हणजे त्या त्याच्याबरोबरच जातात. मुलांनीं विचारलें तर त्या सांगाव्या. आणि मुलांनो, या सुटींत आजीपाशीं वही घेऊन बसा. गांवाचें नांव, साल, माणसांचीं नांवें आणि मुख्य म्हणजे आजीचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या. दुसऱ्या वडीलधाऱ्यांनाही विचारून ताडून पाहा. "काय लिहावें?" हा प्रश्न मग तुम्हांस सहसा पडणार नाहीं.