जुन्या पिकअपचे शॉकअप निवडताना

आपल्या अनेक घरांची रोजी एका पिकअपवर चालते. कुणी कोकणातला आंबा वाशीच्या बाजारात नेतो, कुणी कोंबड्या पोहोचवतो, कुणाचा मंडपाचा धंदा आहे, कुणाचा भंगाराचा. गाडी बहुधा सेकंडहँड घेतलेली, दहा-बारा वर्षे चाललेली असते. तिच्या इंजिनाची आणि टायरची चर्चा घरात होते, कारण इंजिन बिघडले की गाडी थांबते आणि टायर फुटला की सगळ्यांना दिसतो. शॉकअपचे तसे नाही. तो हळूहळू निकामी होतो आणि चालवणाऱ्याला त्या हेलकाव्यांची सवय होत जाते. शॉकअप गेल्याचे कळते ते घाटात, अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा.

मी पेशाने शिक्षिका आहे. गाड्यांशी माझा संबंध आला तो धाकट्या भावामुळे. त्याच्याकडे जुनी बोलेरो पिकअप आहे. आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर गाडीचे शॉकअप बदलायचे की नाही यावर घरात चांगलाच वाद झाला. अब्बांचे म्हणणे, "पाटे शाबूत आहेत ना? मग शॉकअपवाचून काय अडलंय?" मिस्त्री म्हणाले, जुन्यांमध्येच तेल भरून घेऊ. दुकानदार म्हणाला, हेवी ड्यूटी टाका, भार जास्त घेता येईल. भाऊ मला म्हणाला, "आपा, तिघांची तीन मतं. पैसे मात्र माझे एकट्याचे." मुलीच्या प्रवेशाची फी त्याच महिन्यात भरायची होती, म्हणून हा प्रश्न साधा नव्हता.

अब्बांच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण हा समज पुष्कळांचा आहे. गाडीचा भार शॉकअप उचलत नाही. तो पाटे किंवा स्प्रिंग उचलतात. खड्ड्यात चाक आदळले की पाटा दबतो आणि परत उसळतो. त्याला अडवणारे काही नसेल तर तो पुन्हा पुन्हा वरखाली होत राहील. हे हेलकावे मोडणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा पिस्टन असतो. तेल त्या छिद्रांतून जोर लावून जाते, हालचालीची ताकद उष्णतेत बदलते आणि पाटा शांत होतो. शॉकअप निकामी झाला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही. म्हणून शॉकअपचा प्रश्न हा आरामापेक्षा जास्त ब्रेकचा आणि वळणाचा आहे.

शॉकअप गेला हे कसे ओळखावे? नळीवरून तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल तर तो गेला असे समजा. वरच्या बाजूला नुसता पातळ ओलावा दिसला तर लगेच घाबरू नये. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज, ब्रेक मारताना गाडीचे नाक खाली जाणे, खडबडीत वळणावर मागचा भाग बाजूला सरकणे, ही बाकीची लक्षणे. बोनेट दाबून सोडण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी एकदा उसळून थांबली पाहिजे. पण पिकअपचे मागचे पाटे इतके कडक असतात की रिकाम्या गाडीत हातांनी दाबून मागचे काही कळत नाही. त्यासाठी जुने मिस्त्री वेगळी युक्ती करतात. खराब रस्त्यावरून गाडी चालवून आणली की शॉकअपच्या नळीला जपून हात लावतात. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. जोडीतला एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेल्यावर संशय घ्यावा.

शॉकअप विकत घेण्याआधी आणखी एक तपासणी करावी. तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट, झिजलेले बुश, टायरमधली कमी-जास्त हवा, यांमुळेही गाडी तशीच हेलकावते. भावाच्या गाडीत मागचा एक पाटा तडकलेला निघाला. तो तसाच ठेवून नवे शॉकअप टाकले असते तर पैसे वाया गेले असते.

आता निवड. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, एकात एक दोन नळ्या असलेला, फक्त तेलाचा. तो स्वस्त आणि मऊ असतो. गावात व आसपास फिरणाऱ्या गाडीला तो पुरतो. मात्र लांबच्या खराब रस्त्यावर सतत हलून त्यातल्या तेलाला फेस येतो आणि तो तात्पुरता ढिला पडतो. दुसरा, तशाच दोन नळ्यांचा, पण तेलावर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. त्यात फेस कमी होतो. रोज घाट चढउतार करणाऱ्या गाडीला हा चांगला. तिसरा, एकाच नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा. तो लवकर थंड होतो आणि पकड चांगली देतो, पण महाग असतो. शिवाय बाहेरून दगड लागून नळी चेपली तर आतला पिस्टन अडकतो. माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपला बहुधा पहिल्या दोनांतलाच एक योग्य ठरतो.

हेवी ड्यूटीच्या नावाला भुलू नये. शॉकअप कितीही जाड असला तरी गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ती आरसी बुकात लिहिलेली असते आणि चासी, ॲक्सल, ब्रेक, टायर या सगळ्यांवर ठरलेली असते. मर्यादेपेक्षा जास्त भार नेल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. उलट, पाट्यांच्या मानाने शॉकअप फार कडक घेतला तर रिकामी गाडी परतीच्या वाटेवर उडत येते.

तेल भरून रंगवलेले जुने शॉकअप स्वस्त मिळतात. त्यांतला पिस्टन, झडप आणि दांडा मात्र जुनाच असतो. दांड्यावर ओरखडे असतील तर नवे सील लवकरच फाटते. नळीवर ताजा रंग, वेल्डिंगच्या खुणा आणि छापील क्रमांक नाही असे दिसले तर तो माल परत करावा. गॅस भरलेल्या नळीला तर वेल्डिंग किंवा ज्योत लावूच नये, ती फुटू शकते.

दुकानात जाताना गाडीचा चासी क्रमांक, मॉडेलचे वर्ष आणि शक्य असल्यास जुना शॉकअप सोबत न्यावा. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत पुढची रचना बदललेली असते. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, दोन्ही टोकांची बसणी म्हणजे डोळा की पिन, आणि बोल्टची जाडी. कुणी जादा पाटा घालून गाडी उंच केली असेल तर कंपनीच्या मापाचा शॉकअप खड्ड्यात पूर्ण ताणला जाऊन तुटू शकतो. अशा वेळी मापे गाडीवरच घ्यावीत. गाडी कंपनीचे सुटे भाग घ्या किंवा 1961 पासून भारतात शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलसारख्या कंपनीचे. पक्के बिल मात्र घ्याच.

बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असेल तर ब्रेकवर गाडी एकसारखी वागत नाही. पैसे कमी असतील तर आधी एका ॲक्सलची जोडी, नंतर दुसऱ्याची. फक्त तेलाचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण ताणून दाबावा, म्हणजे आतली हवा निघते. रबरी बुश नवे घ्यावेत आणि बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना, आवळावेत. हवेत लटकलेल्या चाकावर आवळले तर रबर पिळून राहते आणि लवकर फाटते. काम चालू असताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, स्टँड लावावेत.

भावाने शेवटी तडकलेला पाटा बदलला आणि कंपनीच्या मापाचे चारही शॉकअप घेतले. त्याला सांगितलेला चारींचा भाव एका नव्या टायरच्या भावापेक्षा फार वेगळा नव्हता. हेवी ड्यूटीचा विचार त्याने सोडला आणि फीचे पैसेही वाचले. कशेडी घाटात ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक आता पूर्वीसारखे बुडत नाही. रिकामी असताना मागून थोडी आपटते, पण ते कडक पाट्यांचे लक्षण आहे, शॉकअपचे नव्हे. खळगे पडलेल्या टायरचा आवाजही टायर बदलेपर्यंत राहणारच.

घरातल्या बायकांना एक सांगणे आहे. गाडीचा खर्च निघाला की तो पुरुषांचा विषय म्हणून आपण बाजूला होतो. पण त्या गाडीत आपला मुलगा, भाऊ, नवरा बसलेला असतो. लग्नकार्याला हौद्यात बायकामुलांना बसवून नेण्याची पद्धतही अजून गेलेली नाही. मालवाहू गाडीत ती कायद्याने चूक आहे आणि जिवाला धोक्याची आहे. दुसऱ्याचा माल ही आपल्याकडे अमानत असते, आणि गाडीत बसलेला माणूस तर त्याहून मोठी. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हा मिस्त्रीला एवढेच विचारायला सांगा : शॉकअप ओले आहेत का, पाटे तडकलेत का, बुश झिजलेत का? या तीन प्रश्नांना पैसे पडत नाहीत.