अक्षर, अंक आणि आंतरजाल

मराठीच्या अध्यापकांनी आंतरजालाचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. हा विषय यंत्रज्ञांचा, असे आम्हीही पुष्कळ दिवस मानीत होतो. आमचा तो समज एका लहानशा प्रसंगाने दूर झाला. शाळेच्या एका जुन्या स्मरणिकेतील मजकूर संगणकातून पुन्हा काढावयाचा होता. फाईल शाबूत होती. परंतु ती उघडताच पडद्यावर मराठीचे एकही अक्षर उमटले नाही. रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन पसारा तेवढा दिसला. वीस वर्षांपूर्वीचे मराठी लेखन आमच्या हाती होते आणि ते आम्हांस वाचता येत नव्हते. असे का झाले, याचा शोध घेताना आंतरजालाचा कारभार समजून घेणे भाग पडले. त्या शोधाचे सार येथे मांडीत आहोत.

आंतरजाल आणि वेब हे दोन शब्द आपण एकाच अर्थी वापरतो. वस्तुतः ते भिन्न आहेत. आंतरजाल हा संगणकांस जोडणारा रस्ता होय. वेब ही त्या रस्त्यावरून होणाऱ्या अनेक वाहतुकींपैकी एक. ह्या रस्त्याचा प्रारंभ अमेरिकेत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांचे संगणक जोडून ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली. पुढे विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी निरनिराळ्या जाळ्यांस परस्परांशी बोलता यावे यासाठी समाईक नियम घडविले. १ जानेवारी १९८३ पासून ते नियम त्या जाळ्यावर लागू झाले.

त्या नियमांचे मर्म असे. समजा, किरनापूरहून पुण्यास एक ग्रंथ पाठवावयाचा आहे. तो अखंड न पाठविता त्याचे प्रत्येक पान वेगळ्या लिफाफ्यात घातले आणि प्रत्येक लिफाफ्यावर पत्ता व पानाचा अनुक्रमांक घातला. काही लिफाफे नागपूरवरून गेले, काही जबलपूरवरून गेले. पुण्याच्या गृहस्थाने ते क्रमाने लावले आणि न आलेली पाने पुन्हा मागविली. आंतरजालावर प्रत्येक मजकूर असाच तुकड्यातुकड्यांनी जातो. वाटेतील राउटर नावाची यंत्रे नाक्यावरच्या पोस्टासारखी असतात. पत्ता पाहून लिफाफा पुढे ढकलणे हेच त्यांचे काम. आत ओवी आहे की शिवी, याच्याशी त्यांस कर्तव्य नसते.

हे सारे हवेतून चालते, असा मुलांचा समज असतो. मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंतचे अंतर हवेतून खरे; पुढचा बहुतेक प्रवास मात्र काचेच्या तंतूंतून, भूमीखालून आणि समुद्रतळावरून होतो. १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान तारायंत्राची समुद्री तार टाकली गेली. त्याच अरबी समुद्राच्या तळाशी आज आंतरजालाच्या तारा आहेत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा तारा तुटल्या, तेव्हा भारतातील सेवा विस्कळीत झाली होती.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत मांडली. एका लेखातील शब्दावर बोट ठेवावे आणि दुसरीकडील लेख समोर यावा, ही ती कल्पना. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. भारतात सामान्य नागरिकांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून द्यावा लागतो. जगातील लिप्यांसाठी अशी समाईक अंकसूची करण्याचे कार्य युनिकोडने केले. १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. देवनागरीची तीतील मांडणी भारताने १९८८ मध्ये ठरविलेल्या प्रमाणावर आधारलेली आहे. तीत ‘म’चा अंक २३५०, ‘र’चा २३५२, कान्याचा २३६६, ‘ठ’चा २३३६ आणि दुसऱ्या वेलांटीचा २३६८. ‘मराठी’ हा शब्द संगणकापुरता म्हणजे हे पाच अंक, याच क्रमाने. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेदही ह्या सूचीत राखता येतो. त्यामुळे गुरुजनांस दिलेले निमंत्रण स्वयंपाक्यांकडे जाण्याची भीती उरलेली नाही.

ही सूची प्रचारात येण्यापूर्वी, आणि नंतरही पुष्कळ काळ, छापखान्यांतून व कचेऱ्यांतून निराळी युक्ती चाले. संगणकात रोमन अक्षराचाच अंक साठवावयाचा आणि फॉन्टच्या साहाय्याने त्यावर देवनागरी आकृतीचा वेष चढवावयाचा. कागदावर छापून आले की काम भागले. प्रत्येक फॉन्टची योजना स्वतंत्र असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वेष गळून पडे आणि आतील रोमन अक्षरे उघडी होत. आमच्या स्मरणिकेचे हेच झाले होते. अखेर फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या एका साधनाने तो बराचसा सुटला. उरलेल्या चुका ग्रंथालयातील छापील प्रत शेजारी ठेवून दुरुस्त कराव्या लागल्या. कागदाची ती एक प्रत नसती, तर काही नावे कायमची गेली असती.

यातून जो मोठा प्रश्न उभा राहतो तो असा: आंतरजाल वाहून नेते, जपण्याची हमी देत नाही. जिओसिटीज या संकेतस्थळावर असंख्य लोकांनी आपली पाने लिहिली होती. २००९ मध्ये चालकांनी ते बंद केले. काही उत्साही मंडळींनी जे उतरवून घेतले तेवढे वाचले. उलट डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचे खंड १९२० च्या दशकात छापले गेले, ग्रंथालयांतून टिकले आणि म्हणूनच पुढे आंतरजालावरही येऊ शकले.

दुसरा प्रश्न निवडीचा. शोधयंत्रे पाने वाचून शब्दांची सूची करून ठेवतात आणि आपण शब्द विचारताच त्या सूचीतून उत्तर देतात. वेषधारी फॉन्टमधील मराठी त्या सूचीत मराठी म्हणून शिरतच नाही. जे शिरते त्यातही आधी काय दाखवावे, हे ठरविण्याची रीत त्या कंपन्या पूर्णपणे उघड करीत नाहीत. ग्रंथपालास ‘हेच पुस्तक का दिलेत?’ असे विचारता येते. येथे विचारावयाचे कोणास? म्हणून पहिले उत्तर म्हणजे खरे उत्तर नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे हे आता भाषाशिक्षकाचेच काम झाले आहे.

आमच्या परिसरास हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. शेजारी गोंदियाकडे मराठी शाळेची भाषा राहिली. इकडे ती मुख्यतः घराची भाषा झाली. आंतरजालास ही सीमा ठाऊक नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया किरनापूरच्या मुलास पुण्याच्या मुलाइतकाच खुला आहे, आणि त्यात लिहिण्याचा अधिकारही तितकाच आहे. परंतु वैनगंगेकाठची आमची गाणी, शेतीचे शब्द, गावांच्या नावांच्या कथा यांपैकी जे कोणी लिहिलेच नाही, ते कोणतेही शोधयंत्र शोधून देणार नाही.

तेव्हा अध्यापकबंधूंस आमची विनंती साधी आहे. मराठी लिहावयाचे ते युनिकोडमध्ये लिहावे. शाळेच्या जुन्या फायली, त्यांचे फॉन्ट ओळखणारी माणसे आहेत तोवर, बदलून घ्याव्यात. महत्त्वाच्या मजकुराच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक कागदावर छापून ग्रंथालयात द्यावी. अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते, असा अर्थ आपण वर्गात सांगत आलो आहोत. तो खरा ठरविण्याचे काम यंत्र करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.