खिरापतीचा डबा : आश्विनातील मुलींचे यजमानपण

महाराष्ट्रातील मुलींच्या आश्विनी खेळाविषयी जे संकलन आजवर झाले, ते मुख्यतः गाण्यांचे. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेड्यापाड्यांतील स्त्रीगीतांचे जे खंड सिद्ध केले, त्यांचे मोल कोणीही नाकारणार नाही. तथापि गाणे हा त्या सायंकाळचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा एका झाकण लावलेल्या डब्यात असतो, आणि तो डबा ज्या घरचा, त्या घरची आठ-दहा वर्षांची मुलगी त्या दिवसापुरती यजमान असते. खेड्यातील स्त्रीजीवनात इतक्या लहान वयात इतके स्पष्ट यजमानपण दुसरीकडे क्वचितच मिळते.

खेळ एकच असला तरी नावे व काल यांत प्रदेशपरत्वे फरक आहे. पुणे प्रांतात व कोकणात तो भोंडला; घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत चालतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत त्याला हादगा म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सामान्यतः २७ सप्टेंबरच्या सुमारास, की त्याचा आरंभ होतो आणि सोळा दिवस तो खेळला जातो. विदर्भात भुलाबाई व खानदेशात गुलाबाई. तेथे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पुरा महिना मुलींचा असतो. भुलाबाई ही पार्वती. सारीपाटात हरून रुसून गेलेल्या शंकराला तिने भिल्लिणीच्या रूपाने भुलविले, अशी कथा सांगतात; म्हणून तो भुलोजी. या जोडप्याच्या मातीच्या मूर्ती कोनाड्यात वा पाटावर मांडून भोवती ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारावयाचे, ही वऱ्हाडातील रीत. भोंडल्यात आणि हादग्यात मात्र मूर्तीऐवजी हत्ती असतो. पाटावर तो रांगोळीने वा धान्याने रेखतात. हादग्यात भिंतीवर समोरासमोर दोन हत्तींचे चित्र लावून त्यावर फळाफुलांच्या माळा सोडतात. वस्तुतः हस्त म्हणजे हात. त्याचा हत्ती झाला तो नादसाम्याने. पण मेघ आणि गज यांची सांगड आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे की ही चूक कोणाला चूक वाटली नाही. हस्ताचा पाऊस पडला तर रब्बीच्या ज्वारीला ओल मिळते, आणि शेतकऱ्याच्या घरी हत्तीची पूजा का, हे त्यास निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता यजमानपणाकडे वळू. ज्या घरी खेळ असावयाचा, त्या घरची मुलगी सकाळीच आळीतून घरोघर आमंत्रण करीत हिंडते. हे आमंत्रण आईने करावयाचे नसते. दुपारनंतर अंगण झाडून, सारवून, रांगोळी घालून मध्ये पाट मांडला जातो. झेंडूची, कारळ्याची, जी हाताशी असतील ती फुले वाहिली जातात. उन्हे कलली की मुली जमतात, हातात हात गुंफून फेर धरतात. वऱ्हाडात फेराऐवजी टिपऱ्याही वाजतात. पहिले गाणे गणपतीचे. पुढे पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असा गाण्यांचा चढता क्रम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो, आणि गाण्यांबरोबर खिरापतीही वाढतात. साहजिकच शेवटच्या घरावरचा भार एकटीने उचलण्याजोगा राहत नाही. तेव्हा जी ती आपापल्या घरून एकेक पदार्थ झाकून आणते. अशा रीतीने अखेरच्या दिवशी सर्वच जणी यजमान होतात.

गाणी संपली की डबा बाहेर येतो. तो उघडावयाचा नाही. जमलेल्या मुलींनी आत काय आहे ते ओळखावयाचे. गोड की तिखट, ओली की कोरडी, तळलेली की भाजलेली, असे प्रश्न सुटतात. यजमानीण हो किंवा नाही एवढेच सांगते. डबा कानाशी हलवून दाखविण्याची मुभा असते, म्हणून धूर्त आजी आत फडके कोंबून आवाजच मारून टाकते. पाहुण्यांनी हार कबूल केल्याशिवाय झाकण निघत नाही. आणि न ओळखली गेलेली खिरापत हा त्या घराचा मान असतो. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याचीच चर्चा.

या नियमात एक मार्मिक शहाणपण आहे. एरवीच्या आदरातिथ्यात पदार्थाचे मोल घराची ऐपत उघड करते. येथे मोल पदार्थाचे नाही, त्याच्या अनपेक्षिततेचे आहे. सुखवस्तू घरची करंजी किंवा बेसनाचा लाडू पहिल्या पाच-दहा प्रश्नांतच पकडला जातो, कारण ओळखणाऱ्यांच्या तोंडी ती नावे आधी येतात. उलट ज्या घरी तूप-साखर बेताचीच, तेथली माउली ज्वारीच्या लाह्यांना गूळ चोळून, उकडलेले मक्याचे दाणे तिखट-मीठ लावून, किंवा नुसती काकडीची फोड ठेवून सगळ्या आळीला हरवू शकते. वाटणीही मूठमूठभर असते. त्यात कोणाचे पोट भरावे अशी अपेक्षा नसते. गरीब घरच्या मुलीला यजमान होण्याची लाज वाटू नये अशी सोय कोणी योजून केली असेल असे नव्हे. पण सोय झाली आहे खरी.

अर्थात ही समता आळीच्या सीमेवर संपत असे. फेर गावाचा नसून वस्तीचा होता, आणि वस्ती जातीची. वाड्यातल्या अंगणात गावकुसाबाहेरची मुलगी हात गुंफून उभी राहिली नाही. तिचा फेर असला तर तिच्या वस्तीत वेगळा. स्पर्शाचे नियम पाणवठ्यावर जितके कडक, तितकेच खाण्याच्या मुठीवरही होते. लोकसंस्कृतीच्या गौरवात हा भाग गाळला जातो, म्हणून येथे नोंदविला.

गाण्यांत सासू, जाऊ, नणंद व माहेरी धाडण्याची टाळाटाळ यांचाच पाढा असतो. आजच्या वाचकास तो गमतीचा वाटतो. मूळ गाणाऱ्यांना तो आसपासचा व्यवहार होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, १९४९ मध्ये ते १५ व १९७८ मध्ये १८ झाले. तत्पूर्वी फेरातील मुलगी पुढच्या आश्विनात त्याच अंगणात असेलच असे नव्हे. असली तर ती माहेरपणाला आलेली, म्हणजे पाहुणी. स्वतःच्या नावाने आमंत्रण करण्याचा, आणि मोठ्यांनीसुद्धा पाळावयाचे गुपित राखण्याचा अधिकार तिला मिळे तो या मोजक्या वर्षांतच. सासरच्या स्वयंपाकघरात पदार्थ तिच्या हातचा असे, पण तो कोणाला द्यावयाचा हे ठरविणारी ती नसे.

महाराष्ट्राबाहेर पाहता या खेळाची सख्खी बहीण माळव्यात भेटते. तेथे भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत कुमारिका भिंतीवर शेणाने व फुलांनी संजा रेखतात, सायंकाळी घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात. आणि झाकून आणलेला प्रसाद ओळखण्याचा, त्यांच्या शब्दांत ‘ताडण्याचा’, खेळ तेथेही आहे. इंदूर-देवासच्या मराठी घरांतील मुलींना दोन्ही अंगणे परिचयाची असावीत यात नवल नाही. तमिळनाडूत नवरात्रात कोलू मांडून आल्यागेल्या स्त्रियांना सुंडल देतात. तेथे मांडणी पाहण्याची असते, ओळखण्याचे काही नसते.

अलीकडे खेळाचे स्थान पालटले आहे. विदर्भात सोयाबीन पसरल्यापासून ज्वारीचे क्षेत्र आटले आणि मखराला धांडे शोधावे लागतात. शाळा व महिला मंडळे भोंडला भरवितात. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांतही नवरात्रातील सोयीच्या रविवारी तो होतो. हत्ती असतो, गाणी छापील कागदावरून म्हटली जातात, आणि पूर्वी वस्तीबाहेर राहिलेल्या मुली शाळेच्या फेरात आता एकत्र उभ्या असतात. ही भर लहान नव्हे. खिरापत मात्र बहुधा वर्गणीतून येते. ती कोणा एकीच्या घरची नसल्यामुळे तिला लपविणारी कोणी नसते, आणि आत काय आहे हे ती मागविणाऱ्या सर्वांनाच ठाऊक असते. काही शाळांतील बाईंनी यावर साधा उपाय केला आहे : रोज एका मुलीने घरून डबा आणावयाचा, आणि त्यात काय आहे हे बाईंनाही सांगावयाचे नाही.