शेवटचे शंभर दिवस

पश्चिम आघाडीवर चार वर्षे खंदकांत रुतून बसलेल्या पहिल्या महायुद्धाचा निकाल ज्या मोहिमेने लावला, ती 8 ऑगस्ट 1918 रोजी पहाटे, फ्रान्समधील आमियां शहराच्या पूर्वेस, दाट धुक्यात सुरू झाली. हल्ल्यापूर्वी दिवसचे दिवस तोफांचा भडिमार करून शत्रूस आपणच आगाऊ वर्दी देण्याचा जुना शिरस्ता या खेपेस मोडण्यात आला. पाचशेंहून अधिक रणगाड्यांची घरघर विमानांच्या आवाजात बुडविण्याची तजवीज झाली, आणि कॅनडाची फौज फ्लँडर्समध्येच असल्याचा भास निर्माण केला गेला. पुढील कौशल्य दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती फॉश यांचे: एका ठिकाणी जोर ओसरताच दुसरीकडे आघात करावयाचा, म्हणजे राखीव कुमक कोठे धाडावी हेच जर्मनांना उमगू नये. 29 सप्टेंबरला जर्मनांच्या हिंडेनबुर्ग तटबंदीतील सँ-कांतँचा कालवा इंग्रज शिपायांनी, आगबोटींवरून आणलेले जीवरक्षक पट्टे अंगास बांधून, ओलांडला. त्याच दिवशी तहाची निकड जर्मन सेनापतींनी कैसरच्या कानी घातली. दोस्तांचीही मृत व जखमी मिळून सुमारे दहा लाख माणसे या अवधीत खर्ची पडली, हे विजयवर्णनांत झाकले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. 11 नोव्हेंबरच्या पहाटे काँपिएन्यच्या अरण्यात, रेल्वेच्या डब्यात, युद्धबंदीवर सह्या झाल्या, आणि सकाळी अकरा वाजता ती अमलात आली.